गोठ्यात पाणी कधी येणार?

मंडळी, पत्रिकेवर 'पूर आणि स्थानिक यंत्रणांचा समन्वय' असा विषय छापलाय. त्यावर येतोच, पण आधी शिरोळ तालुक्यातल्या एका म्हातारीचं ऐका. माझा निम्मा मुद्दा तिनंच मांडलाय.

२०१९चा ऑगस्ट. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, हे आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ. गावातून रिक्षा भोंगा लावून फिरत होती, 'राजाराम बंधाऱ्यावर पाणी इतके फूट'. म्हातारी दारात येऊन म्हणाली, "बंधारा ऱ्हायला कोल्हापुरात. माझ्या गोठ्यात पानी कवा येतंय, ते सांगा की!" भोंगेवाल्याकडं उत्तर नव्हतं. कुणाकडंच नव्हतं. तिच्या दोन म्हशी आणि एक रेडकू. निवारा शाळेत, पण तिथं सोय फक्त माणसांची. चारा एका खात्याकडं, शाळेची किल्ली दुसऱ्याकडं, ट्रॅक्टर ग्रामपंचायतीनं शोधायचा. शेवटी ट्रॉली आली तेव्हा आधी म्हशी चढल्या, मग म्हातारी. "अडाणीपणा करतात, घर सोडत नाहीत," असं आपण सहज बोलतो. मला त्याचा राग येतो. दूध हाच जिचा पगार, ती म्हशी टाकून जाईल कशी?

आणि तिचा प्रश्न शास्त्रालाही धरून होता. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, फुगवटा मागं सरकतो. म्हणजे शिरोळच्या गावांना राजाराम बंधाऱ्याचा आकडा पुरत नाही, सांगलीच्या आयर्विन पुलाचा आणि कोयना धरणाच्या विसर्गाचाही लागतो. हे तिन्ही आकडे जुळवून 'अमक्या गल्लीत उद्या सकाळी पाणी' असं सांगायचं काम कुणाच्याच अंगावर नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. भरभर सांगतो.

पहिलं, २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरण केलं, अध्यक्ष जिल्हाधिकारी. पण नदी जिल्ह्याची हद्द मानत नाही. साताऱ्यात धरण, सांगलीत पूल, कोल्हापुरात संगम, पुढं कर्नाटकात अलमट्टी धरण. जून २०२१मध्ये दोन्ही राज्यांची बंगळूरला बैठक झाली आणि जुलैत पूर आलाच, कारण पाऊसच तसा कोसळला. म्हणून बैठका निरर्थक ठरत नाहीत. वरून किती सोडलं, खाली किती जातंय, हा आकडा त्याच तासाला तलाठ्यापर्यंत उतरला पाहिजे.

दुसरं, राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की आपोआप उघडतात. तिथं इशारा दरवाजा उघडायच्या आधी हवा.

तिसरं, पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खातं आखतं, बांधकाम परवाना महापालिका नाहीतर ग्रामपंचायत देते. दोघांचे नकाशे एका टेबलावर आणा.

आणि सरपंच मंडळींनो, मागच्या पुरांच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. रंग देण्याआधी त्या मोजा, त्या दिवशी बंधाऱ्यावर आणि आयर्विनला किती फूट होतं ते शेजारी लिहा, आणि तो तक्ता मे महिन्यातच चावडीवर लावा.