बाबा, हे कुठली संध्याकाळ गातायत?

मंडळी, नमस्कार. कमिटीने मला काम एवढंच दिलंय की लंडनमध्ये गाण्याचे पुढचे कार्यक्रम कुठे कुठे आहेत ते सांग आणि पाच मिनिटांत खाली बस, पुऱ्या गार होतायत. सांगतो, पण आधी परवाचं सांगू द्या, डोक्यातून जातच नाहीये.

परवा आमच्या अकरा वर्षांच्या कन्येला मैफिलीला नेलं. नेलं म्हणजे घरात भांडण करून नेलं, तिला मैत्रिणीकडे बार्बेक्यूला जायचं होतं आणि बायकोचं म्हणणं, पोरीला कशाला छळतोस, तू स्वतः तर संथ विलंबितात घोरतोस. (खरंय.) संध्याकाळी सात वाजता बुवांनी राग मारवा सुरू केला. मी डोळे मिटून मान हलवतोय तर कन्येने बाही ओढली, "बाबा, हा संध्याकाळचा राग ना? मग बाहेर एवढं ऊन का आहे?"

आता जूनमध्ये इथे सूर्य मावळतो सव्वानऊनंतर. मी म्हटलं, अगं, घड्याळात संध्याकाळ झालीये. तर म्हणे, कुणाच्या घड्याळात, आजीच्या? पुण्यात तेव्हा साडेअकरा वाजलेले, आजी कधीच झोपलेली. म्हणजे ही संध्याकाळ इथलीही नाही, तिथलीही नाही. मारव्यात सा टाळत राहतात म्हणून ती हुरहूर लागते, असलं काहीतरी ज्ञान मी पाजळलं, तिने इंटरव्हलला दोन समोसे मागितले.

आपण सगळे पुण्याच्या रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या गोष्टी सांगणारे. ती थंडी, शाली, पहाटेचा चहा, भीमसेन अण्णा, आणि सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांच्या गाण्याची ती रेकॉर्ड. मीही सांगतो, फक्त रात्री दोन ते पाच मी सतरंजीवर आडवा असायचो तेवढं गाळतो. पण सकाळचा राग तोडी ऐकून बाहेर पडलं की खरोखर उजाडलेलं असायचं हो, कुणी समजावून सांगावं लागलं नाही. अर्थात 1953 पासूनचा तो महोत्सवही आता रात्रभर चालत नाही, तेव्हा एकट्या लंडनच्या सूर्याला काय बोलणार.

तर कार्यक्रम. ऑक्टोबरात बार्बिकनला शास्त्रीय संगीताचा दरबार फेस्टिव्हल, 2006 साली लेस्टरला सुरू झालेला तोच. वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनमध्ये वर्षभर काही ना काही चालूच असतं. आणि मेफेअरच्या नेहरू सेंटरला बऱ्याचदा फुकट असतं. बघा, फुकट म्हटल्यावर माना कशा वर झाल्या!

रागवू नका, पण नाट्यगीतं असली की आपण दोनशे जण आणि शास्त्रीय ख्याल असला की वीस, त्यातले सहा गोरे, ज्यांनी तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं. आपला माणूस आदल्या रात्री ग्रुपवर विचारतो, एक्स्ट्रा पास आहे का कुणाकडे. पोरांना तबल्याच्या परीक्षांना बसवतो आणि मैफिलीला मात्र घरी ठेवून येतो, चुळबुळ करतील म्हणून. मीही तीन वर्षं हेच केलं.

कन्येने आता डिसेंबरचाही हिशेब काढलाय. तेव्हा चारच्या आत अंधार, म्हणजे मारव्याच्या वेळेला ती शाळेच्या बसमध्ये असणार, मग सात वाजता बुवा काय गाणार? मी बुवांनाच विचारणार होतो, पण ग्रीनरूमबाहेर सेल्फीची लाईन होती. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर मला नका सांगू, ती त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलीये, थेट तिलाच सांगा.