ईडेल ते हेफील्ड : किंडर स्काउटवरील एका दिवसाची पायी वाटचाल

श्रोतेहो, इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात किंडर स्काउट नावाचे एक पठार आहे आणि त्याच्या दोन अंगांना ईडेल आणि हेफील्ड ही दोन खेडी वसलेली आहेत. एका खेड्यातून दुसऱ्यात पठारावरून चालत जायचे तर सुमारे 18 किलोमीटर पडतात, म्हणजे सकाळी निघून सायंकाळी निवांत पोहोचावे इतकेच. उंचीचे म्हणाल तर किंडरचा माथा 636 मीटरवर आहे. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून याच्या दुपटीहून उंच भरेल. तेव्हा ही वाट मी निवडली ती दमछाकीसाठी नव्हे. सामान्य माणसाला दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवरून चालण्याचा हक्क कसा मिळत गेला, हे या एका वाटेवर जितके स्पष्ट दिसते तितके इंग्लंडमध्ये क्वचितच दुसरीकडे दिसेल.

ईडेल हे मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरचे छोटे स्थानक आहे. 1965 साली खुली झालेली, स्कॉटलंडच्या हद्दीत जाऊन संपणारी पेनाइन वे ही सुमारे 430 किलोमीटरची पायवाट येथूनच सुरू होते आणि आपली वाट पहिला बराच पल्ला तिच्याच संगतीने जाते. आरंभी मेंढ्यांची कुरणे लागतात. ती सर्व खाजगी मालकीची आहेत. तरी प्रत्येक गडग्याला माणूस जाईल पण जनावर जाणार नाही असे फाटक किंवा दगडी पायऱ्या आहेत, आणि खांबावर पिवळा बाण आहे. पिवळा बाण केवळ पायी चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडेस्वारालाही मुभा. 1932 च्या एका कायद्याने असे ठरवले की एखाद्या वाटेवरून लोक सलग 20 वर्षे, कोणाची परवानगी न मागता आणि कोणी अडवल्यावाचून, येत-जात असतील, तर ती वाट मालकाने लोकांना दिली असे गृहीत धरावे. मालकी शेतकऱ्याचीच राहते, मेंढ्याही त्याच्याच चरतात, पण वाट मात्र त्याला अडवता येत नाही.

अप्पर बूथची घरे मागे पडली की जेकब्ज लॅडर नावाचा दगडी पायऱ्यांचा चढ सुरू होतो. पूर्वी लादलेल्या घोड्यांचे तांडे याच खिंडीने जात. चढ संपल्यावर पठाराच्या कडेने उत्तरेकडे वळावे. येथील जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षे साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, काळी आणि ओली आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुराने शतकभराहून अधिक काळ येथले पाणी धरून ठेवणारे शेवाळ मारले आणि जागोजागी उघडी पडलेली माती वाहून गेली. आता ते शेवाळ पुन्हा लावले जात आहे, ओघळींना बांध घातले जात आहेत. पेनाइन वेवर चिखल टाळण्यासाठी अंथरलेल्या फरशांपैकी अनेक जुन्या गिरण्यांच्या जमिनीतून काढून आणलेल्या आहेत, हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो. थोडे पुढे किंडर डाउनफॉल हा सुमारे 30 मीटरचा धबधबा आहे. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचे पाणी उलटे वर उडते.

या माळावर एके काळी सामान्यांना मज्जाव होता. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी तो राखून ठेवला होता आणि राखणदार नेमले होते. 24 एप्रिल 1932 रोजी, रविवारी, हेफील्डजवळच्या बोडन ब्रिज येथील दगडखाणीत शेकडो तरुण जमले. त्यांत गिरण्या-कारखान्यांतले कामगार आणि बेकार पुष्कळ होते. पुढारी बेनी रॉथमन अवघा 20 वर्षांचा होता. विल्यम क्लफ या घळीतली पायवाट 1897 पासून लोकांना मोकळी होती. ती सोडून ते सर्व चढणीवर घुसले, राखणदारांशी झटापट झाली, आणि वर ईडेलच्या बाजूने आलेली चालणाऱ्यांचीच दुसरी तुकडी त्यांना भेटली. परतताना पोलिसांनी काहींना पकडले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून खटला दंगलीसारख्या आरोपांवर चालवला गेला. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला, त्यात रॉथमनला चार महिने. तेव्हाच्या प्रतिष्ठित भटकंती मंडळांना हा प्रकार मान्य नव्हता, वाटाघाटी बिघडतील अशी त्यांची भीती होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण शिक्षांमुळे सहानुभूती चालणाऱ्यांकडे वळली, हेही खरे.

त्यानंतर 1949 चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2000 च्या कायद्याने नोंदलेल्या माळरानांवर पायवाट सोडूनही हिंडण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक फिरण्याची आहे, तंबू ठोकण्याची किंवा सायकल चालवण्याची नाही. आणि 1 मार्च ते 31 जुलै, पक्ष्यांच्या विणीच्या काळात, कुत्रा आखूड पट्ट्यानेच न्यावा लागतो. 2002 मध्ये, 1932 च्या त्या घटनेला 70 वर्षे झाली तेव्हा, येथल्या जमीनदार घराण्यांपैकी एकाचे प्रमुख, तत्कालीन ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आपल्याला विल्यम क्लफने उतरून, किंडरच्या जलाशयाकाठून, त्या दगडखाणीपाशी यायचे आहे. तेथे खडकावर स्मृतिफलक आहे. पुढे हेफील्ड गाव जवळच आहे. येथली रेल्वे 1970 साली बंद झाली आणि रुळांच्या जागी आता चालण्याची वाट आहे, त्यामुळे परतताना रेल्वे असलेल्या न्यू मिल्स गावापर्यंत बसने जावे, किंवा पाय शाबूत असतील तर त्याच वाटेने चालत.