समोर कोण बसलंय?

(दृश्य: महाराज बाडा, सकाळ. कढईतून निघणारी बेडई. गोरखीचा दरवाजा.)

हा आपल्या ग्वाल्हेरचा बाडा, आणि ही मागची गोरखी. अटलबिहारी वाजपेयी इथल्याच शाळेत शिकले. जन्म 25 डिसेंबर 1924, शिंदे की छावनीत. वडील शिक्षक आणि कवी. पुढे व्हिक्टोरिया कॉलेज, म्हणजे आजचं महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत त्यांच्या सभांचा विषय निघाला की आधी आठवतो तो त्यांचा थांबा. वाक्य अर्ध्यावर सोडायचं, डोळे मिटायचे, आणि मैदान ताटकळत ठेवायचं.

(संग्रहित चित्रण: वाघा, लाहोर. फेब्रुवारी 1999.)

हा थांबा लाहोरात बघा. नऊ महिन्यांपूर्वीच दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्यात. 20 फेब्रुवारीला पंतप्रधान वाजपेयींची बस वाघा ओलांडते. दुसऱ्या दिवशी ते मिनार-ए-पाकिस्तानला जातात. मुसलमानांसाठी वेगळ्या देशाची मागणी करणारा 1940 चा लाहोर ठराव झाला ती ही जागा. अखंड भारताच्या घोषणा देत वाढलेल्या जनसंघाचा माणूस तिथे उभा राहतो, ही साधी गोष्ट नव्हे. गव्हर्नर हाउसमधल्या भाषणात ते स्वतःच हा विषय काढतात. मिनारला गेलात तर पाकिस्तानवर तुमचा शिक्का बसेल, असं त्यांना बजावलं गेलं होतं. मग उत्तर येतं: पाकिस्तान काय माझ्या शिक्क्यावर चालतो? त्याचा स्वतःचा शिक्का आहे, आणि तो चालतोय.

समोरच्या खुर्च्यांवर पाकिस्तानी बसलेत. फाळणी झाली, ती आम्ही मानली, आता पुढचं बोला, हे धोरण कुठल्याही सरकारी पत्रकात असं उतरलं नसतं. विनोदाच्या वळणानं सांगितलं म्हणून ते दोन्हीकडे पचलं, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: महाराजपुरा विमानतळ. मिराजचं उड्डाण.)

तीन महिन्यांत कारगिल. आपल्या महाराजपुऱ्याच्या मिराज 2000 विमानांनी टायगर हिलवर बॉम्ब टाकले, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा हुकूम होता. 527 जवान गेले.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि त्याच वाजपेयींच्या तोंडी ‘आर-पार की लड़ाई’ आली. या वेळी ऐकणारे घरचे होते. फौज सुमारे दहा महिने सीमेवर उभी राहिली, लढाई झाली नाही.

(संग्रहित चित्रण: श्रीनगर, 18 एप्रिल 2003.)

इथे समोर काश्मिरी आहेत, आणि भाषा पुन्हा बदलते. मैत्रीचा हात पुढे करतो, पण तिकडूनही हात यायला हवा. नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी, जानेवारी 2004 मध्ये इस्लामाबादचं संयुक्त निवेदन.

(दृश्य: पुन्हा मिराज. धावपट्टी, अंधार.)

26 फेब्रुवारी 2019. याच महाराजपुऱ्याहून मिराज उडाली आणि या वेळी रेषा ओलांडून बालाकोटपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी हवाई चकमक झाली, आपला एक वैमानिक त्यांच्या हाती लागला आणि 1 मार्चला परत आला. 4 मार्चला अहमदाबादच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले, ‘घर में घुस के मारेंगे’. लोकसभेची निवडणूक सहा दिवसांनी जाहीर झाली. हे वाक्य इस्लामाबादेतही ऐकलं गेलंच, पण समोर बसले होते ते मतदार.