पाण्यातून निघणारा वायू आणि बंद बरणी

(नागपुरात विज्ञानप्रेमी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, स्टीलच्या प्लेटा, बरणीत कॉस्टिक घातलेलं पाणी, गाडीची बॅटरी, आणि नळीतून इंजिनात जाणारा वायू. 'पाण्यावर चालणारी गाडी' म्हणून हे दाखवतात, तुम्ही पाहिलं असेल. गाडीवर मी वेळ घालवणार नाही. पाणी फोडायला लागते तेवढीच ऊर्जा ते पुन्हा जुळताना मिळते, आणि मधली गळती आपल्या खिशातून. असाच दावा करणाऱ्या अमेरिकेतल्या स्टॅन्ली मेयरला ओहायोच्या न्यायालयानं १९९६ मध्ये फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. मला बोलायचंय ते त्या बरणीबद्दल.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ज्योत शिरत नाही, कारण आत हवाच नसते. या बरणीत मात्र वीज पाणी फोडते, आणि दोन भाग हायड्रोजन व एक भाग ऑक्सिजन, अगदी मापात, आधीच मिसळलेले असतात. या मिश्रणात ज्योत सेकंदाला दहा मीटरच्या आसपास धावते. नळीतून वायू त्याहून हळू येत असेल, आणि घरगुती सेलमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या प्लेटांच्या जोडीत, बहुधा तसंच असतं, तर ज्योत उलटी नळीत शिरते आणि थेट बरणीपर्यंत जाते.

आता दाब. एका सेलमधून दहा अँपिअर तासभर सोडले, तर आपल्या उन्हाळ्यात सुमारे सात लिटर वायू निघतो. बारा व्होल्टवर सहा सेल ओळीनं जोडले की सहापट. वर एक लिटर मोकळी जागा असलेल्या बरणीचं तोंड बंद राहिलं, तर दहा मिनिटांत दाब वातावरणाच्या सातपटीनं वाढतो. लोकांना वाटतं, दाब वाढला की वायू निघणं आपोआप मंदावेल. नाही मंदावत! दाब शंभरपट झाला तरी सेलला जेमतेम ०.०९ व्होल्ट जास्त लागतात. बॅटरीला तो फरक कळतसुद्धा नाही. मग बरणी फुटते, नाहीतर झाकण उडतं.

आणि हे सगळं ठिणगी पडायच्या आधीचं. बंद जागेत हे मिश्रण साधं जळालं तरी दाब नऊ-दहापट होतो, तोही आधी होता त्याच्या. वातावरणाच्या दाबावर पेटलं तर दहा. आधीच सात असेल तर सत्तरच्या घरात. नळी पुरेशी लांब मिळाली तर ज्योत वेग घेत घेत डिटोनेशनमध्ये, म्हणजे आवाजाहून वेगवान स्फोटाच्या लाटेत, बदलते. ती लाट सेकंदाला २.८ किलोमीटरनं जाते आणि दाब अठरा-एकोणीसपट करते. भिंतीवर आदळून परतताना तर त्याहून बराच जास्त. 'सेफ्टी व्हॉल्व्ह लावलाय ना' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, एक मीटर नळी ही लाट एका मिलिसेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात पार करते. तुमची स्प्रिंग तेवढ्यात हलते का? जपानच्या हामाओका अणुवीज केंद्रात नोव्हेंबर २००१ मध्ये किरणोत्सर्गानं पाणी फुटून तयार झालेला हायड्रोजन-ऑक्सिजन उच्च दाबाखाली पाइपात साचून पेटला आणि पोलादी पाइप फाटला. तिथे सगळं इंजिनिअरांनी आखलेलं होतं. आपल्याकडे असते लोणच्याची बरणी.

ठिणगीचं म्हणाल, तर हायड्रोजन हवेत पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. शुद्ध ऑक्सिजनबरोबर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही कमी. बोटाला टोचलेली कळते ती ठिणगी साधारण एक मिलिज्यूलची. म्हणजे जी ठिणगी तुम्हाला दिसत नाही, जाणवत नाही, तीही भागवते. नागपूरचा मे महिना, कोरडी ठणठणीत हवा, अंगात टेरिकॉट, हातात प्लास्टिकची नळी. ठिणगी टाळण्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. वायू साचू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

मघाशी एका तरुणानं चहाच्या वेळी गाठलं. 'सर, दाब वाढवला तर हे मिश्रण पेटत नाही, असं पुस्तकात आहे. मग काऊन घाबरवता?' वाचलेलं खरं आहे. पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या भांड्यात अगदी कमी दाबावर स्फोट होत नाही, थोडा वाढवला की होतो, आणखी वाढवला की थांबतो, आणि पुढे पुन्हा होतो. साखळी अभिक्रियेचं, म्हणजे एक अभिक्रिया पुढचीला चेतवत जाते त्याचं, हे कोडं उलगडण्यात सेम्योनोव्ह आणि हिन्शेलवूड या रसायनशास्त्रज्ञांचा मोठा वाटा. दोघांना १९५६ चं नोबेल मिळालं. पण ते आपोआप पेटण्याबद्दल आहे. ठिणगीनं पेटवताना दाब वाढला की उलट कमी ऊर्जा पुरते, आणि ज्योत जास्त बारीक फटीतून पार होते. साध्या दाबावर ज्योत अडवणारी जाळी म्हणूनच चढ्या दाबावर दगा देते.

घरातली इन्व्हर्टरची बॅटरीही जास्त चार्ज झाली की हेच दोन वायू सोडते. तिची खोली हवेशीर ठेवा, झाकणाची भोकं बुजवू नका, टर्मिनल काढण्याआधी चार्जिंग बंद करा. आणि कोणाला हा वायू सिलिंडरमध्ये भरून विकायची बुद्धी सुचलीच, तर त्यानं आधी सेमिनरी हिल्स गाठावं. स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच गावात आहे.

इथे बसलेल्या शिक्षकांनी दहावीच्या मुलांना प्रयोग जरूर दाखवावा, पण हॉफमनच्या व्होल्टामीटरमध्ये. त्यात दोन वायू दोन वेगळ्या नळ्यांत जमतात. चाचणीसाठी हायड्रोजन छोट्या परीक्षानळीत घ्या, तोटी बंद करा, वीज बंद करा, नळी उपकरणापासून लांब न्या, चष्मा घाला आणि मगच काडी ओढा.