छातीवरचा पितळी नंबर

(पडदा काळा. फक्त पावलं ऐकू येतात. टाप, टाप, टाप. मग हशा.)

हा आवाज यंत्रमानवाचा आहे. म्हणजे, एफवायच्या एका मुलाचा. यंत्रमानव करायचा म्हटलं की पहिल्या दिवशी सगळे असंच चालतात. कोपरं काटकोनात, मान ताठ, आवाज नाकातून. दिग्दर्शक मुलगी थोडा वेळ बघते आणि म्हणते, "थांब रे. हा वाढदिवसाच्या पार्टीतला रोबो झाला."

(दृश्य: पुण्यातल्या एका कॉलेजचा हॉल. दाराशी ओल्या छत्र्या, एका कडेला सरकवलेली बाकं.)

पावसाळा लागला की पुण्यातल्या कॉलेजांत नाटकाच्या अशा तालमी रंगतात. सिनेमात परग्रहवासी करायचा तर रबर असतं, संगणक असतो. इथे अठरा-वीस वर्षांची अंगं आहेत, बाकी काही नाही. आणि खरं सांगायचं तर यंत्रमानव जन्मला तोही असाच, रंगमंचावर.

१९२१ साली प्रागमध्ये चेक लेखक कारेल चापेकचं 'आर. यू. आर.' हे नाटक आलं. 'रॉसम्स युनिव्हर्सल रोबोट्स', हे त्यातल्या रोबो बनवणाऱ्या कंपनीचं नाव. 'रोबो' हा शब्द जगाला तिथून मिळाला. सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. आपली वेठबिगारीतली वेठ. (मराठीतल्या 'राबणं'शी नातं जोडायचा मोह होतो. आवरू या.) चापेकचे रोबो लोखंडी नाहीतच. रसायनातून घडवलेले, माणसासारखेच दिसणारे. लेखकाची सूचना नेमकी आहे. सदऱ्याला कमरेशी पट्टा, छातीवर पितळी नंबर, बोलणं तुटक, चेहरा कोरा, नजर स्थिर. म्हणजे माणूस आणि यंत्र यांतला सगळा फरक नटानं दाखवायचा. पत्र्याचा डबा घालून सुटका नाही.

(दृश्य: दोघं समोरासमोर बसलेली. एक बोलतोय, एक ऐकतेय.)

चार दिवस खटपट झाली. पापणी न लवणं जमलं, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. श्वास तर थांबवता येत नाही. मग एका दुपारी वाट सापडली, आणि ती चालण्यात नव्हती, ऐकण्यात होती. आपण मराठी माणसं ऐकताना गप्प नसतो. "हं", "बरं", "हो का", "अगं बाई" चालूच. हा हुंकार काढून टाका. समोरचा बोलतोय आणि ही नुसती बघतेय. त्याचं वाक्य संपलं की त्याच क्षणी हिचं उत्तर. विचार करायला लागते तेवढीही फट नाही. हॉलमधली कुजबुज बंद पडली. हातपाय एकदाही काटकोनात गेले नव्हते.

अभिनयातली निर्मिती म्हणतात ती मला तरी अशीच दिसते. काहीतरी भर घालण्यापेक्षा, रोजचं एक काहीतरी काढून घेतलेलं.

पण परवाच्या तालमीत वेगळंच झालं. "मालक, चहा ठेवलाय," एवढंच वाक्य. एका मुलानं ते सहज म्हटलं, "मालक, च्या ठिवलाय जी." सगळे हसले. नोकर रोबो म्हणजे बोली गावाकडची, हे कुणी ठरवलं नव्हतं. संहितेतही नव्हतं. ते आपसूक आलं. बार्शीकडची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "मग मालक कुठल्या गावचा?"

पाच मिनिटं कुणाला उत्तर सुचलं नाही.

अमेरिकेत हा प्रश्न कातडीच्या रंगाचा होता. सॅम्युअल डिलेनी हा कृष्णवर्णीय लेखक. १९६७ साली त्याची कादंबरी विज्ञानकथांचा नामवंत संपादक जॉन कॅम्पबेल यानं मासिकासाठी नाकारली. कारण दिलं ते असं, की कृष्णवर्णीय नायक आमच्या वाचकांना आपला वाटणार नाही. आकाशगंगा ओलांडायला हरकत नव्हती!

याच जातीची गोष्ट १९९८ साली 'स्टार ट्रेक'च्या एका भागात आली. एव्हरी ब्रुक्स मूळचा रंगभूमीचा नट. मालिकेत तो अंतराळस्थानकाचा कप्तान. त्या भागात मात्र १९५० च्या दशकातला न्यूयॉर्कचा लेखक. त्याच्या कथेतला कप्तान कृष्णवर्णीय, म्हणून मासिकाचा मालक तो अंकच रद्दीत घालतो. दिग्दर्शनही ब्रुक्सचंच. आणि एरवी परग्रहवासी म्हणून रबराच्या मुखवट्यात वावरणारे नट त्या भागात उघड्या चेहऱ्यानं येतात. आवाज ओळखीचा, चेहरा पहिल्यांदाच दिसतो. मला विचाराल तर हा फार नाटकी डाव आहे, चांगल्या अर्थानं.

चापेकनं तर आधीच पुढचं पाऊल टाकलं होतं. त्याच्या नाटकात रोबो बंड करतात, तेव्हा कारखान्याच्या मुख्य संचालकाला तोड सुचते: यापुढे सगळे रोबो एकसारखे करायचे नाहीत. प्रत्येक देशाचे वेगळे, रंग वेगळा, भाषा वेगळी. म्हणजे एकमेकांचा द्वेष करतील आणि एकत्र येणार नाहीत.

(दृश्य: भरत नाट्य मंदिर, बाहेरून. संध्याकाळ.)

१६ डिसेंबर १९७२. याच थिएटरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. त्यातली माणसांची भिंत लोक अजून आठवतात. पाठ फिरवली की भिंत, तोंड फिरवलं की पुणेकर. आपल्या मुलांनी रोबोंची रांग तिथूनच उचलली आहे, आणि ते लपवतही नाहीत.

(दृश्य: पुन्हा हॉल. रांग उभी आहे.)

आता बोलीचं असं ठरलंय: रोबो आणि मालक, दोघांची भाषा एकच. "मालक, चहा ठेवलाय." सपाट. यावर आता कुणी हसत नाही. गंमत कमी झाली, अशी एकाची तक्रार आहे. ती खरीही आहे.

(दृश्य: टिळक रोडवरचं चहाचं दुकान. पाऊस.)

तालीम सुटल्यावर बार्शीची ती मुलगी चहाला आली. सोनेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा नंबर छातीवर तसाच राहिला होता. दुकानदारानं ग्लास पुढे करत विचारलं, "कुठल्या कंपनीत आहेस गं?"

"रॉसम," ती म्हणाली. मध्ये फट न ठेवता.