खाली पाहणारी नजर : लाकडी मूर्तीच्या शेवटच्या टप्प्याविषयी

नमस्कार. लाकडी मूर्तिकामावर बोलायचं म्हटलं की लोकांना पटाशीविषयी ऐकायचं असतं. लाकूड कुठलं, हत्यारं कुठली, ओंडक्यातून चेहरा कसा निघतो, असे प्रश्न येतात. आज मी तिथून सुरुवात करणार नाही. पटाशी पुसून पेटीत ठेवल्यावर जे काम उरतं, त्याविषयी मला बोलायचं आहे. म्हणजे जोडणी, अस्तर, रंग आणि मूर्ती जागेवर बसवणं. कुणी सांगून करून घेतलेली देवाची मूर्ती असेल, तर ती साधली की फसली हे याच टप्प्यात ठरतं, असं मला ठामपणे वाटतं. एकच उदाहरण घेऊन ते मांडतो.

उदाहरण स्पेनमधलं आहे. साल 1603, शहर सेव्हिल. मातेओ वाझ्केझ दे लेका हे तिथल्या कॅथेड्रलमधले वरिष्ठ धर्माधिकारी. त्यांनी हुआन मार्तीनेझ मोंतान्येस या शिल्पकाराला क्रूसावरचा ख्रिस्त करायला सांगितला. त्या व्यवहाराचा करारनामा आज उपलब्ध आहे, आणि त्यातली एक अट मूर्तिकाम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ख्रिस्त मेलेला नको, जिवंत हवा, प्राण जाण्याआधीचा. मान उजवीकडे कललेली. पायाशी जो कोणी प्रार्थना करत असेल त्याच्याकडे तो पाहतो आहे, त्याच्याशी बोलतो आहे, हे सारं मी तुझ्यापायी सोसतो आहे अशी तक्रार करतो आहे, असं वाटलं पाहिजे. त्यासाठी चेहऱ्यावर थोडी कठोरता हवी आणि डोळे पूर्ण उघडे हवेत.

या अटीत सौंदर्याचा शब्द नाही. मूर्ती कुणाकडे पाहणार, एवढंच गिऱ्हाइकाने नेमकं सांगितलं आहे. मोंतान्येसही त्या वेळी पस्तिशीत होता, हातात उमेद होती. पूर्वी एक क्रूसमूर्ती त्याने दक्षिण अमेरिकेतल्या पेरूला पाठवली होती. ही तिच्याहून सरस करीन, असं त्याने कबूल केलं. पुढे याच माणसाला सेव्हिलमध्ये 'लाकडाचा देव' म्हणायला लागले. ती मूर्ती आज सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये आहे, 'क्षमेचा ख्रिस्त' अशा अर्थाच्या नावाने ओळखली जाते. तिचा रंग मोंतान्येसचा नाही. तो फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराने दिला. हा पाचेको पुढे व्हेलास्केझ या नामवंत स्पॅनिश चित्रकाराचा गुरू झाला आणि नंतर सासराही.

म्हणजे गिऱ्हाइकाची अट एक आणि ती पुरी करणारे हात दोघांचे. आता त्या दोघांमध्ये काम कसं वाटलं गेलं ते पाहू.

आधी लाकडाचा स्वभाव. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडवं आकसतं आणि फुगतं. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. अख्खा ओंडका सुकताना त्याला सालीपासून गाभ्यापर्यंत उभी भेग का पडते, त्याचं कारण हे. म्हणून माणसाच्या उंचीची मूर्ती एका ओंडक्यातून काढण्याचा हट्ट शहाणा कारागीर धरत नाही. सेव्हिलच्या कार्यशाळांत सुकलेल्या लाकडाचे ठोकळे सरसाने जोडून धड उभं करायचे आणि आतून पोकळ ठेवायचे. पोकळ ठेवल्याने वजन उतरतं, आणि भिंतीची जाडी सगळीकडे सारखी राहिल्याने आकसणंही सारखं होतं. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे हात तर वेगळेच करावे लागतात. धडाची रेष उभी, हातांची आडवी. एकाच लाकडात दोन्ही काढायला गेलात तर हाताच्या रेषा आडव्या तुटतात आणि पहिल्याच धक्क्याला हात खांद्यातून जातो. तेव्हा हात वेगळे कोरायचे, खांद्यात खाच घ्यायची, कूस बसवायची, खुंटी मारायची, सरस ओतायचा.

इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट नेहमी सांगतो. सांधा लपवायचा असतो तो अस्तराखाली. कोरीवकामाच्या वेळी तो कुठून जाणार आहे हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. चेहऱ्यावरून, बोटांवरून, बरगडीच्या उठावावरून सांधा नेऊ नये. काखेच्या सावलीत, कमरेच्या वस्त्राच्या घडीत, केसांच्या कडेला न्यावा. कारण लाकूड पुढची शेकडो वर्षं हलतच राहणार आहे आणि रंगाला तडा पडलाच तर तो सांध्यावर पडणार आहे. तो कुठे दिसावा हे आधीच ठरवून ठेवणं कारागिराच्या हातात असतं.

मग अस्तर. लाकडाच्या पृष्ठभागावर आधी पातळ सरसाचा हात द्यायचा. स्पेनमध्ये या सरसात लसूण उकळून घालत. लाकडाच्या गाठींतून राळ बाहेर येते, तिच्यावर पुढचा थर धरत नाही, म्हणून गाठी लसणाने चोळायचीही रीत होती. सांध्यांवर सरसात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. त्यावर जिप्सम आणि सरस यांचं मिश्रण, पहिले थर भरड, पुढचे बारीक. उत्तर युरोपात जिप्समऐवजी खडू वापरत. प्रत्येक थर पातळ ताकाएवढा, कोमट, आणि आधीचा थर सुकल्यावरच पुढचा. वरच्या थरात सरस खालच्यापेक्षा किंचित कमी हवा. उलट झालं तर वरचा थर सुकताना खालच्याला ओढून सोलून काढतो. नियम साधा आहे, पण उचकटलेल्या जुन्या रंगाखाली बऱ्याचदा हाच मोडलेला नियम सापडतो.

या अस्तराने एक अडचण होते. पापणीची कड, ओठांची रेघ, केसांतली खोल चीर, जे जे पटाशीने बारकाईने काढलं ते सगळं पांढऱ्या थराखाली बुजत जातं. म्हणून अस्तर सुकल्यावर ते पुन्हा लोखंडी टोकदार अवजारांनी कोरायचं, घासायचं. म्हणजे मूर्ती दोनदा कोरली जाते, एकदा लाकडात आणि एकदा अस्तरात. हे दुसरं कोरणं रंगाऱ्याच्या कार्यशाळेत होतं. मोंतान्येससारखा शिल्पकार आपली मूर्ती कुणाच्या हाती देतो याची काळजी का करत असेल, ते इथे कळतं.

संतांच्या पुतळ्यांवर सोन्याचं काम असतं, ते थोडक्यात सांगतो. अस्तरावर लाल चिकणमातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, मग अकीकाच्या घोटणीने घोटायचं. सोन्यावर अंड्यातल्या बलकात कालवलेला रंग देऊन तो काडीने खरवडला की खालची नक्षी सोनेरी चमकते आणि जरीच्या कापडाचा भास होतो. गोव्याच्या जुन्या चर्चमधल्या वेद्या, म्हणजे मूर्ती बसवलेल्या कोरीव लाकडी चौकटी, पाहिल्या असतील तर वर्खाचं हे काम तुमच्या डोळ्यांखालून गेलं आहे. आपल्या ख्रिस्ताला मात्र सोन्याची गरज नव्हती. कमरेला पांढरं वस्त्र आणि बाकी सगळं उघडं अंग. सगळी मदार कातडीच्या रंगावर.

कातडीच्या रंगाच्या दोन रीती होत्या. एक चकचकीत. तेलरंग देऊन तो ओल्या पातळ कातड्याने घासून घासून काचेसारखा करायचा. दुसरी मॅट, चमक नसलेली. पाचेको मॅटच्या बाजूचा कट्टर माणूस. 1600 सालीच त्याने क्रूसावरच्या ख्रिस्ताचा एक ब्राँझचा पुतळा मॅट रंगवून आपली रीत दाखवून दिली होती. पुढे चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथातही त्याने ही बाजू मांडली. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1649 साली छापला गेला. त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचा ठिपका पडतो आणि तो ठिपकाच आधी दिसतो, आकार मागे जातो. मॅट रंगात प्रकाश सावकाश फिरतो. शिवाय रंगाऱ्याला गालाखाली, बरगडीखाली, डोळ्याच्या खाचेत हलकी सावली रंगवता येते. कोरलेल्या सावलीला रंगवलेल्या सावलीची जोड मिळते. केसांची कड कपाळावर जिथे लाकडात थांबते, तिथून पुढे बारीक ब्रशने चार केस कातडीवर ओढले की कडच नाहीशी होते. कातडीखालच्या निळसर शिरा, सुजलेली पापणी, हे सगळं रंगाचं काम.

आणि मग डोळे. मोंतान्येसने मान खाली आणि उजवीकडे कलवली, पापण्या पुढे आणल्या. बुबुळ कुठे बसायचं हे पाचेकोने ठरवलं. समोर सरळ उभं राहून पाहिलं तर डोळे अर्धवट मिटल्यासारखे दिसतात. करारनाम्यात तर पूर्ण उघडे डोळे मागितले होते. अट पाळली गेली का? पाळली गेली, पण गुडघे टेकून पायाशी बसलेल्या माणसासाठी. तिथून वर पाहिलं की पापण्या आड येत नाहीत आणि नजर नेमकी तुमच्यावर येते. दोन कारागिरांच्या कामाची रेष एका तिसऱ्या माणसाच्या डोळ्याशी जुळवलेली आहे, आणि तो माणूस कुठे बसणार हे गिऱ्हाइकाने आधीच लिहून दिलं होतं.

आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांना देत नाहीत. अंग रंगवणारे अनेक असतात, आखणीचा माणूस वेगळा असतो, आणि त्याची वाट पाहत मूर्ती रांगेत थांबतात. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. नवकलेवराच्या वर्षी, अलीकडे 2015 साली, त्या नव्याने घडल्या. लाकूड कोरून झालं की काम संपत नाही. त्यावर कापड, राळ यांचे थर चढवून मूर्तीचं अंग तयार होतं. हे थर आणि रंग दरवर्षी स्नानपौर्णिमेनंतर नव्याने केले जातात, आणि रथयात्रेच्या आदल्या दिवशी नेत्रोत्सव, म्हणजे डोळे रंगवण्याचा विधी, होतो. सेव्हिल आणि पुरी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण डोळे शेवटी, आणि डोळे झाल्याशिवाय दर्शन नाही, हा क्रम दोन्हीकडे सापडतो.

कुणी विचारेल, न रंगवलेल्या मूर्तींचं काय? जर्मनीत टिलमान रीमेनश्नायडरने म्यूनरश्टाट गावाच्या चर्चसाठी 1490 ते 1492 या काळात लिंडेनच्या लाकडाची वेदी केली. ती त्याने रंगाशिवाय दिली. लाकडाची कातडी तशीच दिसावी म्हणून त्याने कोरीवकामच इतकं बारीक केलं की अस्तराची गरजच पडू नये. बारा वर्षांनी, 1504 मध्ये, गावाने फाइट श्टॉस या दुसऱ्या शिल्पकाराकडून ती रंगवून घेतली. लोकांच्या लेखी ती अपुरी होती. मला रीमेनश्नायडरचा निर्णय धाडसी वाटतो आणि गावकऱ्यांचा निर्णयही समजतो. मूर्ती त्यांच्या पूजेची होती. आणि एक लक्षात घ्या, अशा न रंगवलेल्या म्हटल्या जाणाऱ्या कामांतही त्याने लाकडावर पातळ रंगीत झिलई दिलेली असते, आणि डोळ्यांची बुबुळं काळी केलेली असतात. सगळा रंग सोडला, तरी डोळे सोडता आले नाहीत.

आता थोडं कटू बोलतो. 1620 च्या सुमारास सेव्हिलमध्येच मोंतान्येसने सांता क्लाराच्या मठाच्या वेदीचं कंत्राट रंगकामासह स्वतःच्या नावाने घेतलं. पाचेको संतापला, 1622 मध्ये त्याने छापील पत्रक काढलं. शहराच्या नियमानुसार रंगकाम चित्रकारांच्या संघाचं होतं. शिल्पकाराने ते कंत्राटात गुंडाळून त्यातला तुटपुंजा वाटा रंगाऱ्याला द्यावा, हे त्याला मान्य नव्हतं. दोघे जुने सहकारी, तरी वाद झाला. मी या वादात पाचेकोच्या बाजूने आहे. आजही संग्रहालयाच्या पाटीवर शिल्पकाराचं नाव असतं, रंगाऱ्याचं क्वचित. आपल्याकडे पालखी कोरणाऱ्याचं नाव गावाला ठाऊक असतं. तिला पॉलिश कुणी केलं, पत्रा कुणी मढवला, हे विचारलं तर कुणी सांगू शकत नाही. हे बदललं पाहिजे. करारातच दोघांची नावं आणि दोघांचे वेगळे पैसे लिहा.

याच अनादरातून दुसरं नुकसान होतं. जुन्या लाकडी मूर्तीवर एनॅमलचे हात चढवून तिचं तोंड बुजवतात, किंवा त्याच्या उलट, 'खरं लाकूड' दिसावं म्हणून सगळा रंग खरवडून काढतात. गोव्यातून, वसईतून आलेल्या संतांच्या मूर्ती मी अशा पाहिल्या आहेत. सागवान झळकतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या मूर्तीला बुबुळं होती, ती अस्तरात होती, आणि अस्तर कचऱ्यात गेलं. ते परत आणता येत नाही. रंग सुटत असेल तर तो सरसाच्या पातळ द्रावाने जागच्या जागी पुन्हा चिकटवता येतो. हे काम संथ आहे, त्याला माणूस लागतो, पण ते होतं.

शेवटी बसवणं. क्रूसावरची मोठी मूर्ती आडवी ठेवून रंगवायची, आणि ती क्रूसावर चढवण्याआधी हातांचे तळवे क्रूसाला नीट टेकतात का ते कोरडं जुळवून पाहायचं. या ख्रिस्ताला चार खिळे आहेत. पाय एकावर एक आहेत, तरी प्रत्येक पायाला स्वतंत्र खिळा. ते खिळे पाहणाऱ्यासाठी. मोठ्या मूर्तीचं वजन त्यांच्यावर सोडायचं नाही, पाठीमागून आधार द्यायचा. वजन तळव्यांवर आलं तर खांद्याचा सांधा उघडतो.

आणि उंची. मूर्ती हातभर वर टांगली, तर नजर प्रार्थना करणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जाते. हातभर खाली टांगली, तर जमिनीवर पडते. म्हणून पुढे कधी तुमच्याकडे अशी मूर्ती करायला कुणी आलं, तर लाकडाचा भाव सांगण्याआधी दोन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या. मूर्तीचा ओटा जमिनीपासून किती उंच असेल, आणि भक्त समोर उभा राहणार की बसणार. मग मानेचा कल ठरवा, आणि जो आखणी करणार आहे त्याला पहिल्याच दिवशी बोलावून ते माप दाखवा.