उद्या म्हणजे नक्की कधी?

[दृश्य: जुलै. पहाटेचा अंधुक उजेड. सांगलीच्या आयर्विन पुलाखालून फुगून वाहणारी कृष्णा. छत्री धरून पाणी बघायला आलेली चार माणसं.]

पहाटेचे साडेपाच. नदी अजून इशारा पातळीच्या खाली आहे. माझ्या फोनवर मात्र पूर आलाय. "सर, सुट्टी हाय का?" "सर, नक्की काय?" "सर, टीव्हीवर दाखवत्यात."

आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. सांगलीत हे आकडे पोराटोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून पावसानं जोर धरला की माणसं आधी पुलाकडे बघतात आणि मग मोबाईलकडे.

मी जिल्ह्याच्या शिक्षण विभागाचे निरोप लिहितो. शाळांना सुट्टी देणं मात्र माझ्या हातात नाही. तो आदेश जिल्हाधिकारी काढतात, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. माझं काम एवढंच, की वाडीवरच्या आईनं पोराचा डबा भरण्याआधी तो आदेश तिच्यापर्यंत पोचला पाहिजे. आणि जसा निघाला तसाच पोचला पाहिजे.

[दृश्य: शिराळा तालुका. भाताची खाचरं, धो धो पाऊस. लगेच जत तालुका. उघडं माळरान, बाभळी, कडक ऊन.]

ही दोन्ही चित्रं एकाच दिवसाची असू शकतात. एकाच जिल्ह्याची तर आहेतच. पश्चिमेला चांदोलीचा पाऊस, पूर्वेला जत-आटपाडीचं ऊन. म्हणून आदेशात तालुक्यांची नावं असतात: शिराळा, वाळवा, पलूस, मिरज. पण बातमीची पट्टी धावते ती 'सांगली जिल्ह्यातील शाळांना सुट्टी' अशी. मग जतकडून एखाद्या आजोबांचा फोन येतो. "सुट्टी कशापायी दिलीसा? हितं प्यायला पाणी न्हाई."

त्यांना काय सांगणार?

[दृश्य: कार्यालयातली लांब व्हरांड्याची वाट. फायलींच्या गठ्ठ्यांमागे एक टेबल, एक जुना संगणक.]

माझ्या दारावर पाटी नाही. खरं तर दारही नाही, कोपरा आहे. मी मूळचा प्राथमिक शिक्षक. अक्षर बरं, मराठी बरं, म्हणून एका साहेबांनी "जरा प्रसिद्धीचं बघा" म्हणून बोलावून घेतलं. ते 'जरा' अजून चालूच आहे. अमेरिकेत सरकारी शाळांच्या कारभारात संवाद संचालक असं रीतसर पद असतं. हे काम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना तिथं १९३५ पासून आहे. आपल्याकडे पद नाही म्हणून काम थांबलंय असं मात्र नाही.

इथं निरोप उड्या मारत जातो. शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि सगळ्यात शेवटी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. सहा उड्या. प्रत्येक उडीत थोडं काही गळतं, थोडं काही चिकटतं.

माझी सगळ्यात मोठी चूक एका शब्दाची होती. पावसाचे दिवस, रात्रीचे दहा वाजलेले, मी घाईत लिहिलं, 'उद्या शाळांना सुट्टी'. तारीख नाही, वार नाही. तो निरोप रात्रभर फिरला, हे ठीक. पण तो दुसऱ्या दिवशीही फिरला. तिसऱ्या दिवशी शाळा भरली तर निम्मे वर्ग रिकामे. पुढच्या पावसाळ्यात तोच निरोप, त्याच माझ्या शब्दांत, माझ्याच फोनवर परत आला. खाली कुणीतरी विचारलं होतं, "खरं आहे का सर?"

तेव्हापासून मी 'उद्या' लिहीत नाही. तारीख, वार, तालुका, कोणत्या शाळा, कुणाच्या आदेशानं. आणि सगळं पहिल्या दोन ओळींत, कारण तिसरी ओळ कुणी वाचत नाही.

[दृश्य: परिपत्रकाचा कागद. त्यावरून फिरणारी पेन्सिल.]

दिवसाचं खरं काम हे. ऐका. "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, शाळा व्यवस्थापन समितीचे पुनर्गठन विहित मुदतीत करून तसा अहवाल सादर करणेत यावा." यात एकही शब्द चुकीचा नाही. पण द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईला यातून काय कळावं? मी लिहितो: 'शाळेची नवी समिती निवडायची आहे. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असतात. नुसती सही करायला नको, निवडायला या.'

बरं, हे वाचूनही ती आली नाही तर? एकदा तासगाव भागातल्या एका मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, पालक सभेला कुणी येतच नाही. सभा कधी, तर सकाळी अकराला, आणि महिना ऑक्टोबर. बागांची छाटणी चालू. रोज बुडवून कोण येणार? सभा संध्याकाळी सातला घेतली, तर सतरंजी कमी पडली. भाषा मी कितीही सोपी केली असती तरी अकराची सभा भरली नसती.

जतमध्ये आणखी एक गाठ. सीमेला लागून कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि आमचा निरोप कार्यालयीन मराठीत. आता तिथले शिक्षक निरोप कन्नडमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून पाठवतात. अक्षर न वाचणारी आजीही ऐकते. ही युक्ती माझी नाही, त्यांची.

आणि ऊसतोडीला बीडकडून आलेल्या टोळ्या कुठल्याच ग्रुपमध्ये नसतात. पोरांना शाळेत घाला हे सांगायला त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जावं लागतं, आधी मुकादमाशी बोलावं लागतं, तेही अंधार पडल्यावर.

[दृश्य: संध्याकाळ. मंदिरावरचा भोंगा वाजतो. घराघरांतले टीव्ही बंद होतात.]

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. इथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गाव टीव्ही, मोबाईल बंद करतं. पोरं अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा. निरोपात एक अक्षर नाही, पण अर्थ सगळ्यांना माहीत. मला या भोंग्याचा, खोटं कशाला बोलू, हेवा वाटतो. अर्थात तो वाजायच्या आधी लोक घरोघर जाऊन बोलले होते. कॅमेऱ्याला भोंगा दिसतो, ते घरोघर जाणं दिसत नाही.

शेजारच्या साताऱ्याचं कुमठे बीट बघा. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं वर्ग बदलले. पोरं फरशीवर आखलेल्या चौकटींत बसून आपणच गणित शोधायला लागली. मग राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला आले. माझ्यासारख्यानं कितीही बातम्या पाठवल्या असत्या, तरी एवढी माणसं कुमठ्याला गेली नसती.

[दृश्य: उद्घाटनाचे जुने फोटो. फीत, कात्री, हार. मुलं मागे, अर्धी कापलेली.]

हे फोटो मीच पाठवलेत. साहेबांना हवे असतात. आता निदान पुढची रांग पोरांची असावी म्हणून भांडतो. आणि शाळेच्या जेवणात ताटात वाढलेलं तोंडात घालणाऱ्या लेकराचा फोटो मी पाठवत नाही. का, ते त्या लेकराच्या आईला विचारा.

[दृश्य: रिकामं व्हरांड्याचं बाक. फोनची रिंग.]

वाईट बातमीचं मात्र वेगळं. एकदा एका शाळेत दुपारच्या खिचडीनंतर काही मुलांना उलट्या झाल्या. वरून सूचना आली, 'चौकशी होईपर्यंत काही बोलू नका.' दोन तास आम्ही गप्प बसलो. तेवढ्यात गावभर आकडे वाढत गेले, एक पोर तर दगावल्याचीही आवई उठली. सगळी मुलं संध्याकाळी घरी गेली, धडधाकट. पण दवाखान्याच्या दारात एका बापानं माझी गचांडी धरली. त्याला चौकशीचा निष्कर्ष नको होता. पोर कुठं आहे, तिच्याजवळ कोण आहे, एवढंच हवं होतं, आणि ते आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत माहीत होतं.

[दृश्य: रात्र. पत्र्यावर पाऊस. टेबलावर मोबाईलचा उजेड.]

रात्रीचे साडेनऊ. आदेश आलाय. तारीख लिहिली. वार लिहिला. चार तालुक्यांची नावं, आणि खाली ठळक: बाकी तालुक्यांत शाळा नेहमीप्रमाणे भरतील. दोनदा वाचलं. पाठवलं.

पहिलं उत्तर मिनिटाभरात.

"ओके सर. म्हणजे उद्या सुट्टी हाय का?"